स्वयंपाकाचा चाकू स्वतः बनवला, त्याची हकीकत

२०२४ च्या पावसाळ्यात मी ठरवलं, की रोज हातात असणारा एक चाकू आपण स्वतः करायचा. मी बँकेत काम करते आणि लोखंडाशी माझा कधी संबंध आला नव्हता. व्हिडिओ भरपूर पाहिले, पण ते बहुतेक अमेरिकेतले. पोलादाची नावं तिथली, मशिनं तिथली आणि काम करायला घरामागे ऐसपैस गॅरेज. पुण्यात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाने पहिली पट्टी कुठून आणायची, भट्टी कुठे शोधायची, पोलिसांना विचारावं लागतं का, हे सांगणारं मला कुणी भेटलं नाही. म्हणून झालं तसं, क्रमाने लिहिते.

सगळ्यात आधी भीती वाटली ती कायद्याची. घरात धारदार वस्तू तयार होते आहे, उद्या कुणी तक्रार केली तर? म्हणून पोलाद शोधण्याआधी शस्त्र नियम, २०१६ वाचायला घेतले. त्यांच्या पहिल्या अनुसूचीत पाचव्या वर्गात तलवारी, खंजीर, भाले यांच्याबरोबर ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं मात्र त्यातून वगळलेली आहेत. त्यामुळेच भाजीचा चाकू, खुरपं, ऊसतोडीचा कोयता उघड बाजारात विकले जातात. तरी मी स्वतःपुरती चौकट आखून घेतली: पातं ६ इंच, रुंदी दीड इंच, धार एकाच कडेला, आकार सरळसरळ स्वयंपाकाचा. नवशिक्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की दुधारी खंजीर, बटण दाबून उघडणारे चाकू, तलवारीच्या छोट्या आवृत्त्या यांच्या वाटेला जाऊ नका. शिकायला भाजीचा चाकू पुरेसा अवघड आहे.

वाचून समाधान झालं नाही म्हणून जवळच्या पोलीस चौकीत गेले. तिथून आयुक्तालयातल्या शस्त्र परवान्याच्या शाखेकडे जायला सांगितलं. अर्धा दिवस रजा टाकली, चाकूचं मापासकट काढलेलं चित्र आणि आधारची प्रत बरोबर नेली. बराच वेळ बसावं लागलं, पण टेबलावरच्या बाईंनी चित्र नीट पाहिलं, कशासाठी हवाय ते विचारलं आणि स्वयंपाकाच्या चाकूला परवान्याचा अर्जच करावा लागत नाही असं सांगितलं. एक गोष्ट त्यांनी आवर्जून बजावली. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढतात, आणि तो लागू असताना चाकू, काठ्या अशा वस्तू जवळ बाळगून फिरता येत नाही. तेव्हापासून मी पातं कुठेही नेताना पुठ्ठ्यात गुंडाळून, दोरीने बांधून, गाडीच्या डिकीत ठेवते आणि पोलादाचं बिल सोबत असतं.

पुढचा कागद सोसायटीचा. गच्चीवर शनिवारी सकाळी १० ते १ काम करू द्यावं, ग्राइंडर चालवणार नाही, लोखंडाचा चुरा रोज झाडून नेईन, असा साधा अर्ज सेक्रेटरींना दिला. कमिटीची बैठक महिनाअखेरीला होती, तोवर थांबावं लागलं. परवानगी मिळाली ती ‘ग्राइंडर नाही’ या एका ओळीमुळे. हाताने कानस चालवली तर खालच्या मजल्यावर आवाज जात नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता पोलाद. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून सुरुवात करा, असं बरेच जण सांगतात. भंगारात तो स्वस्त मिळतो आणि आपल्याकडचे लोहार त्यातून उत्तम कोयते करतात. पण जुन्या पाट्यात वर्षानुवर्षं दणके खाऊन बारीक भेगा पडलेल्या असू शकतात, त्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि नेमकं कोणतं पोलाद आहे ते आपल्याला ठाऊक नसतं. लोहाराला ते हाताखाली कळतं, नवशिक्याला नाही. पहिल्या चाकूसाठी ज्याचं नाव-गाव माहीत आहे अशी नवी पट्टीच घ्यावी. मी सी ८० जातीची स्प्रिंग स्टीलची पट्टी शोधली, म्हणजे कार्बन साधारण ०.८ टक्के. साधं एम.एस. (माइल्ड स्टील) घेऊन चालत नाही. त्यात कार्बन इतका कमी असतो की ते कितीही तापवून बुडवलं तरी कडक होत नाही. भांड्यांचं ३०४ स्टेनलेसही तसंच.

ही पट्टी दोन रूपांत मिळते. एक आधीच कडक केलेली, निळसर रंगाची. ती कानसीने कापली जात नाही. दुसरी ॲनील केलेली, म्हणजे मऊ. दुकानात ‘ॲनील’ हा शब्द स्पष्ट उच्चारा आणि कानस खिशात ठेवून जा. दुकानदाराला विचारून कडेला एकदा घासून बघा, चावली तर मऊ. मला अडीच मिलिमीटर जाडीची हवी होती. बऱ्याच दुकानांनी पाच किलोखाली देत नाही म्हणून परत पाठवलं. शेवटी एकाने कापून उरलेले तुकडे वजनावर दिले, जीएसटी धरून ७०० रुपयांच्या आत. त्याच्याकडून मी पोलाद कारखान्याच्या तपासणी दाखल्याची झेरॉक्सही मागून घेतली. तिचा उपयोग पुढे भोसरीत झाला.

पुठ्ठ्यावर आकार काढला, कापला आणि आठवडाभर तो पुठ्ठा हातात धरून ओट्यावर खोटं खोटं कांदे चिरले. मूठ लांबवली, टोक थोडं खाली आणलं. फुकटात होणारी ही दुरुस्ती पोलादावर करायला गेलं तर दिवस जातात. मग आकार पट्टीवर उतरवला. बाहेरची रेघ कापून घ्यायला फॅब्रिकेशनवाल्याकडे गेले, ते काम दहा मिनिटांचं. मुठीची भोकंही त्याच्याकडच्या ड्रिल प्रेसवर पाडून घेतली. भोकं आत्ताच पाडायची, पाणी दिल्यावर, म्हणजे तापवून बुडवून कडक केल्यावर, साधं ड्रिल पोलादात शिरत नाही. आणि पातळ पट्टीला भोक पाडताना ती हाताने धरायची नाही. ड्रिल अडकलं की पट्टी पंख्यासारखी गरगर फिरते आणि बोटं जातात. ओढणी घरी, केस बांधलेले, हातात सुती मोजे नाहीत. फिरत्या यंत्रापाशी मोजा बोटासकट ओढला जातो.

ऑगस्ट आणि सप्टेंबर कानशीत गेले. लाकडी फळीला एक खिळ्यांची चौकट, पट्टीला दोन सी क्लॅम्प आणि कानशीच्या मागे जोडलेली सळई, जी डोक्याला कडी असलेल्या एका बोल्टमधून मागे-पुढे सरकते. यामुळे कानस दर फेरीला त्याच कोनात घासली जाते आणि पात्याचा ढाळ सरळ येतो. बोल्ट वर-खाली केला की कोन बदलतो. सगळा सरंजाम ४०० रुपयांत झाला. कानस मात्र चांगल्या कंपनीची घ्या, १२ इंची खरखरीत आणि ८ इंची बारीक. पुढे जाताना दाब, मागे येताना उचलायची, नाहीतर दाते बोथट होतात. मधूनमधून खडू घासला की चुरा दात्यांत रुतत नाही. धारेच्या कडेला अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरची जाडी सोडायची. आत्ताच धार काढली तर तापवून बुडवताना ती वाकते किंवा चिरते.

त्या दोन महिन्यांत मला हे काम मनापासून आवडायला लागलं. बँकेतून आल्यावर अंगावर आठ तासांचे आकडे असतात. गच्चीवर दोन तास कानस चालवली की डोक्यात फक्त एक रेघ उरायची, ती सरळ आहे की नाही एवढीच.

आणि मग मी अडले. पात्याला पाणी द्यायचं कुठे?

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण चाकू चाकू होतो तो याच टप्प्यावर. आकार कितीही देखणा असला तरी पाणी न दिलेलं पातं एका टोमॅटोनंतर बोथट होतं. सी ८० सारखं पोलाद सुमारे ८०० ते ८२० अंशांपर्यंत तापवलं की त्यातला कार्बन पोलादात विरघळतो. तिथून ते झटकन तेलात बुडवलं की कार्बन आतच अडकतो आणि पोलाद काचेइतकं कडक पण ठिसूळ होतं. मग पुन्हा २०० अंशांच्या आसपास शेकून तो ठिसूळपणा थोडा उतरवायचा. आच कमी पडली तर कडक होत नाही. जास्त झाली तर आतले कण फुगतात आणि पातं ओट्यावरून पडलं तरी तुटतं.

घरी भट्टी करायचा विचार मी सोडून दिला. घरगुती गॅसचा सिलिंडर स्वयंपाकाशिवाय दुसऱ्या कामाला वापरणं नियमात बसत नाही, आणि सोसायटीच्या गच्चीवर आठशे अंशांची आग हा विचारही नको. सासवड रस्त्याला पाल टाकून एक घिसाडी कुटुंब दर वर्षी काम करतं, तिथे गेले. मामा सांडशीत लाल लोखंड धरून ऐरणीवर फिरवत होते आणि मावशी घण घालत होत्या. मी चाकू दाखवला. मामांनी तो बोटांवर तोलला, नखाने टिचकी मारून आवाज ऐकला आणि विचारलं, “कमानीचा न्हाई ना ह्यो?” नुसत्या आवाजावरून त्यांनी पोलाद ओळखलं, आणि मी खूप आदराने बघत राहिले.

पण वेळ त्यांना नव्हता. १२ ऑक्टोबरचा दसरा तोंडावर होता. खंडेनवमीला ऐरण, घण, भाता पुजायचा, त्या दिवशी भट्टी पेटत नाही. त्यानंतर साखर कारखान्यांचा गाळप हंगाम, म्हणजे ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांचे कोयते. “दिवाळी झाली की या ताई,” मावशी म्हणाल्या. तसं म्हणणं बरोबरच होतं. कोयत्यावर माणसांचं हंगामभराचं पोट असतं, माझा चाकू थांबू शकत होता. मी दिवाळीनंतर गेले. जाताना मजुरी आधी ठरवली: दुपारभराचे ८०० रुपये, कोळसा माझा. छंद आपला असतो, पण त्यांची ती कामाची दुपार असते. ‘जरा बघून द्या ना’ असं म्हणून फुकट काम करून घेऊ नका.

दगडी कोळशाऐवजी मी लोणारी कोळसा नेला, त्यात गंधक नसतं आणि आच हळू वाढवता येते. सोबत उभट लोखंडी डब्यात चार लिटर शेंगदाणा तेल, झाकण, वाळूची बादली आणि दोरीला बांधलेलं लोहचुंबक. मामा खुरप्याची नुसती धार पाण्यात बुडवतात. तिथे मागचा भाग जाड असतो, त्यामुळे ते निभतं. माझं पातं बघून ते स्वतःच म्हणाले, “ह्ये पातळ हाय, पाण्यात घातलं तर चिरंल. तेलच बरं.”

आम्ही आधी पट्टीचा एक उरलेला तुकडा घेतला. हे कराच. ऊन उतरल्यावर सुरुवात केली, कारण भर उन्हात लोखंडाचा रंग कळत नाही. तेल एका लालभडक सळईने कोमट केलं, साधारण ५०–६० अंश. गार तेल घट्ट असतं आणि हळू थंड करतं, म्हणून कोमट. तुकडा भट्टीत हळूहळू गुंजेसारखा लाल झाला. पोलाद ७७० अंशांच्या सुमारास चुंबकाला चिकटायचं सोडतं. चुंबक लागेना झालं, त्यानंतर रंग एक छटा उजळू दिला आणि तुकडा तेलात गेला. गार झाल्यावर व्हाइसमध्ये धरून हातोड्याने मोडला. तुटलेल्या जागी राखाडी, मऊसर, चमक नसलेला पोत दिसला. तिथे रव्यासारखे चमकते दाणे दिसले असते, तर आच जास्त झाली असं समजायचं होतं. मामांनी तो तुकडा बराच वेळ उजेडाकडे धरून पाहिला आणि मान हलवली.

मग पातं. मामांनी भट्टीवर धरलं, मी भाता म्हणून लावलेला हाताचा पंखा फिरवत होते. टोक पातळ म्हणून ते आधी तापतं, त्यामुळे मामा पातं सतत मागे-पुढे सरकवत होते. माझे हात थरथरत होते, दोन महिन्यांची कानस त्या दहा-बारा मिनिटांवर होती. पातं टोक खाली करून सरळ तेलात घालायचं, आडवं नाही, आणि आत डावी-उजवीकडे न हलवता फक्त पुढे-मागे करायचं, नाहीतर वाकतं. तेलाने क्षणभर पेट घेतला, झाकण तयार होतं. बाहेर काढल्यावर पातं किंचित डावीकडे झुकलेलं दिसलं. मामांनी ते गरम असतानाच दोन फळ्यांमध्ये दाबलं आणि सरळ झालं. ही संधी पहिल्या मिनिटाभराचीच असते; पूर्ण गार झाल्यावर सरळ करायला गेलं तर तुकडे होतात. शेवटी कानस लावून पाहिली. जी कानस दोन महिने या पात्याला चावत होती, ती काचेवरून घसरावी तशी घसरली. मावशी हसल्या आणि मला चहा दिला.

चहा पिऊन लगेच घरी. पाणी दिलेलं पातं रात्रभर तसंच ठेवू नये, आतल्या ताणाने आपोआप भेग पडू शकते. घरच्या ओटीजीमध्ये २०० अंशांवर दोन तास, गार करून पुन्हा दोन तास. ओटीजीच्या बटणावर विश्वास ठेवू नका, आत ठेवायचा तापमापक चारशे रुपयांत मिळतो. माझ्या ओव्हनमध्ये बटण आणि तापमापक यांत बराच फरक निघाला. ट्रेमध्ये वाळूचा थर दिला की आच स्थिर राहते. पात्यावरचं तेल आधी साबणाने धुवा, नाहीतर घरभर वास. एका बाजूला थोडं चकचकीत करून ठेवलं होतं, तिथे फिकट गव्हाळ रंग चढला. तोच हवा होता. निळा रंग म्हणजे तीनशेच्या आसपास, स्वयंपाकाच्या धारेसाठी फार मऊ.

डिसेंबर वॉटर पेपरमध्ये गेला: १२०, २२०, ४००, ६००. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदलायची म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. कंटाळवाणं काम आहे, घाई करायची नाही. मुठीला बाभळीच्या फळ्या वापरल्या. टिंबर मार्केटमध्ये तुकडे स्वस्तात मिळतात. साग सोपा वाटतो पण त्याच्या तेलकटपणामुळे आधी थिनरने पुसला नाही तर डिंक नीट धरत नाही. शिसवीचा चुरा अनेकांना बाधतो, त्वचेला आणि श्वासाला. लाकूड कोणतंही असो, घासताना चांगला मास्क हवाच. बोहरी आळीत ४ मिलिमीटरची पितळी सळई मिळाली, तिच्या तीन खुंट्या केल्या. आराल्डाइट लावून २४ तास क्लॅम्पमध्ये. क्लॅम्प इतका आवळू नका की सगळा डिंकच बाहेर येईल. वर जवसाचं तेल. त्या तेलाचे बोळे चुरगाळून टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

धार कुरुंदाच्या दगडावर काढली, आधी ४००, मग १०००, दोन्ही बाजूंनी पंधरा ते अठरा अंश. एका बाजूने घासत राहायचं, दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक कोर लागेपर्यंत. कोर लागली की बाजू बदलायची. मकर संक्रांतीच्या आधी चाकू वापरात आला.

दुसऱ्या चाकूसाठी मी भोसरी एमआयडीसीतल्या एका हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात पातं दिलं, कारण मामांचं कुटुंब तोवर पुढच्या गावाला गेलं होतं. तिथे रीतसर काम चालतं. डिलिव्हरी चलन लागतं. माझ्याकडे जीएसटी क्रमांक नाही, म्हणून साध्या कागदावर पत्र आणि आधारची प्रत चालली. पोलादाची जात (इथे तपासणी दाखल्याची झेरॉक्स कामी आली), नग, आणि कडकपणा किती हवा ते लिहून द्यायचं. मी ५८ ते ६० एच.आर.सी. (कडकपणा मोजायचं रॉकवेल माप) लिहिलं. किमान शुल्क १,२०० रुपये, मग एक पातं असो की दहा, त्यामुळे दोन-तीन जणांनी मिळून द्यावीत. मोठ्या ऑर्डरीबरोबर भट्टीत लागतात म्हणून दहा दिवस थांबावं लागलं. पातं मोजमापाच्या चिठ्ठीसकट परत आलं, ५९. पहिल्यांदाच करणाऱ्याने मात्र शक्य असेल तर एकदा तरी भट्टीपाशी उभं राहावं असं मला वाटतं. रंग, चुंबक, तेल हे डोळ्यांसमोर घडलेलं असलं, की चिठ्ठीवरचा आकडा कशाचा आहे ते कळतं.

पहिल्या चाकूचा खर्च जमेल तसा लिहून ठेवला होता: पोलाद, कटिंग आणि भोकं, कानशी, वॉटर पेपर, दगड, मजुरी आणि कोळसा, तेल, आराल्डाइट, लाकूड, मास्क, तापमापक मिळून सहा हजारांच्या थोडं आत. यातली अर्ध्याहून जास्त रक्कम हत्यारांची, ती पुन्हा लागत नाही. बेल्ट ग्राइंडर मी अजून घेतलेला नाही. चांगला घ्यायचा तर तीस हजारांच्या पुढे जातो, शिवाय यंत्रावर पाणी दिलेलं पातं क्षणात तापून निळं पडतं. पहिला चाकू कानशीवरच करा.

वापराबद्दल थोडं. हे स्टेनलेस नाही. कैरी, लिंबू, चिंच कापली की पातं काळसर होतं, ते बिघडणं नव्हे; काही आठवड्यांत एकसारखी राखाडी झाक येते आणि गंज कमी धरतो. पण ओलं ठेवायचं नाही. चिरून झालं की धुवा, पुसा, पावसाळ्यात खोबरेल तेलाचा हात फिरवा. हाडं आणि नारळ यांना हा चाकू लावू नये, त्याला कोयता आहे. विमानात तो केबिन बॅगेत चालत नाही, चेक-इन सामानात गुंडाळून टाकायचा.

मैत्रिणी आता विकत मागतात. अजून मी कुणाला दिलेला नाही. विकायचं म्हटलं की हिशेब, उद्यम नोंदणी, आणि प्रत्येक पात्याची हमी आली, तेवढी माझी तयारी झालेली नाही. दिवाळीनंतर मामा-मावशी परत सासवड रस्त्याला येतील. यंदा पट्टी कापून नाही, ऐरणीवर घडवून चाकू करायला शिकायचं आहे. मजुरीचं बोलणं फोनवर झालं आहे, कोळसा या वेळी दोन पोती लागेल असं मामांनी सांगितलंय.